फटीतली वाळू: प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२४

८ जुलै

आजपासून वही सोडून इथेच लिहायचं ठरवलंय, कारण मागच्या सेमची वही पावसात भिजून तिचं पिठलं झालं. विषय सरांनी फायनल केला, हायड्रॉलिक फ्रॅक्चरमध्ये प्रॉपंट कसा वाहतो आणि कुठे खाली बसतो त्याचं मॉडेल. घरी आईला सांगताना एवढंच म्हणालो की विहिरीत प्रेशरने पाणी मारून दगडाला भेग पाडतात, पंप बंद केला की भेग परत मिटते, ती मिटू नये म्हणून पाण्याबरोबर वाळू ढकलतात, ती वाळू म्हणजे टेकू, तोच प्रॉपंट. आई म्हणाली मग वाळू आत जाते हे कशावरून. प्रोजेक्टचा प्रश्न तोच आहे खरं तर.

पहिला प्रयोग १९४७ चा, कॅन्ससमधल्या ह्यूगोटन गॅस फील्डात, तेव्हा घट्ट केलेलं पेट्रोल वापरलं होतं (वाचूनच अंगावर काटा आला). धंदा म्हणून सुरू झालं १७ मार्च १९४९ ला, ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये. आपल्याकडे राजस्थानात बारमेरच्या रागेश्वरी फील्डमध्ये ज्वालामुखीच्या खडकात फ्रॅक करून गॅस काढतात. पण आमच्याकडे ना विहीर ना खडक, आम्ही दोन ॲक्रिलिक शीटमध्ये फट ठेवून त्यात पाणी-वाळू सोडणार आणि तेच कंप्युटरवर करून बघणार.

१२ जुलै

वाळूचा कण पाण्यात किती वेगाने पडतो त्याचं गणित स्टोक्सच्या नियमाने केलं आणि आपटलो. कण ०.३ मिलिमीटरचा, वाळूची घनता २६५० किलो प्रति घनमीटर, पाणी १०००. उत्तर ८.१ सेंटिमीटर प्रतिसेकंद. छान वाटलं, एक्सेलमध्ये टाकून पार्टनरला पाठवलं सुद्धा. मग रेनॉल्ड्स नंबर (पाण्याच्या चिकटपणापुढे वेगाचा जोर किती ते सांगणारा आकडा) काढला तर २४! स्टोक्सचा नियम एकच्या बराच खाली असतानाच चालतो, हे सेकंड इयरला पाठ केलेलं, विसरलो. शिलर-नॉमनचा ड्रॅग (पाणी कणाला किती विरोध करतं त्याचं सूत्र) लावून चार वेळा फिरवलं तेव्हा ४.३ वर स्थिरावलं. म्हणजे थेट जवळपास निम्मं. ०.६ मिलिमीटरच्या जाड वाळूला तर स्टोक्स ३२ सांगतो आणि खरं येतं ९.५ च्या आसपास, आणि ०.१५ च्या बारीकला २ च्या जागी १.६. कण जितका जाड तितका स्टोक्स जास्त फेकतो.

एक अंदाज बांधून ठेवतो. खरी भेग ३० मीटर उंच धरली तर ४.३ च्या वेगाने वरचा कण बारा मिनिटांत तळाला. पंपिंग त्याहून खूप जास्त वेळ चालतं. म्हणजे साध्या पाण्यात वाळू तरंगत टोकापर्यंत जाईल ही कल्पनाच सोडून द्यायची, ती खाली बसणारच, प्रश्न एवढाच की बसल्यावर पुढे कशी सरकते.

१९ जुलै

वाळू आली. फाउंड्रीला वाळू पुरवणाऱ्याकडून घेतली, सिंधुदुर्गात कासार्ड्याकडची सिलिका सँड, कोल्हापूरचे फाउंड्रीवाले वापरतात त्यातली. पांढरी, कोरडी, हातावर घेतली तर साखरेसारखी. फोनवर वाळूवाल्या भाऊंना म्हटलं ४०/७० पाहिजे (४० नंबरच्या चाळणीतून पडणारी, ७० वर अडकणारी), ते म्हणाले कुठला मेश, ब्रिटिश बीएसएस का अमेरिकन एएसटीएम? मला माहीतच नव्हतं दोन वेगळे असतात. एएसटीएमची ७० नंबरची चाळणी २१२ मायक्रॉनची, बीएसएसमध्ये तीच ७२ नंबरला. ४० नंबर म्हणजे ४२५ मायक्रॉन, तो बीएसएसमध्ये ३६. भाऊंचं बरोबर होतं, नंबरवर बोलूच नये, मायक्रॉनवर बोलावं.

लॅबमधल्या मामांनी चाळणीयंत्र लावून दिलं. ४० किलो चाळायला अडीच दिवस गेले, कारण एका वेळी अर्ध्या किलोच्या वर टाकलं की वरची चाळणी गच्च भरते आणि मग नुसता आवाज, खाली काही पडत नाही. भिंगाखाली बघितलं तर कण गोल नाहीयेत, कडा आहेत. सिम्युलेशनमध्ये गोलच धरणार, पण इथे नोंद राहू दे.

२७ जुलै

फट उभी राहिली. आठ बाय चारच्या ८ मिलिमीटर ॲक्रिलिक शीटमधून दोन पट्ट्या कापल्या, २.४ मीटर लांब, मधली उघडी उंची ३० सेंटिमीटर, कडेने ५ मिलिमीटरची रबर पट्टी आणि नट-बोल्ट. डावीकडून पाणी, उजवीकडे बाहेर. हवेचे बुडबुडे अडकतात म्हणून बाहेरचा पाइप फटीच्या वरच्या कडेपेक्षा ४० सेंटिमीटर उंच नेलाय. पहिल्यांदा तीन ठिकाणी गळली, सिलिकॉन लावला, दुसऱ्यांदा एका ठिकाणी, तिथे बादली ठेवली. इंजिनिअरिंग.

नुसतं पाणी, मिनिटाला २० लिटर. प्रेशर ड्रॉप (फटीच्या दोन टोकांमधला प्रेशरचा फरक) गणिताने २.६ सेंटिमीटर पाणी यायला पाहिजे, मॅनोमीटरवर (प्रेशर मोजायच्या नळीवर) १.७ आला. नळीत बुडबुडा असेल. नंतर बघू.

मग वाळू सोडली, आकारमानाने ३ टक्के. आणि हे बघण्यासारखं आहे खरंच. पहिली वाळू आत आली की वीतभर पुढे जाऊन सरळ तळाला, तिथे एक छोटा ढीग. ढीग वाढतो तशी वरची जागा कमी होते, पाणी तेवढंच म्हणून वेग वाढतो, मग ढिगाच्या माथ्यावरचे कण गडगडायला लागतात, काही उड्या मारतात, माथा ओलांडला की पलीकडे उतारावर पडतात. ढीग मागून झिजतो पुढून वाढतो, अख्खी टेकडी चालत पुढे जाते. सहा-सात मिनिटांनी उंची वाढायची थांबली. पट्टी लावली, १९ सेंटिमीटर. हे कर्न, पर्किन्स आणि वायंट यांनी १९५९ मध्येच अशाच फटीत दाखवून ठेवलंय, म्हणजे आम्ही नवीन काही केलेलं नाही. तरी पार्टनरने व्हिडिओ स्टेटसला टाकला.

३ ऑगस्ट

रंगीत वाळूचा उद्योग. आधी पांढरी, मग रंगीत सोडायची आणि कुठली कुठे बसते बघायचं. रांगोळीचा रंग लावला, पाण्यात गेल्या गेल्या सुटला, अख्खी टाकी गुलाबी झाली, मामा दोन दिवस बोलत नव्हते. मग निळा ऑइलपेंट पातळ करून लावला, वाळवला, गोळे हाताने फोडले आणि परत चाळलं. जमलं.

निकाल असा की पांढरी तोंडाशी खाली, आणि निळी तिच्या डोक्यावरून जाऊन लांब पलीकडे. म्हणजे आधी आलेला पाहुणा दारातच बसला आणि उशिरा आलेला त्याला ओलांडून आतल्या खोलीत गेला. घट्ट जेलमध्ये उलटं असतं, तिथे पहिली वाळू साधारण पुढेच राहते. फ्रॅकच्या शेड्यूलमध्ये आधी बारीक आणि शेवटी जाड वाळू पाठवतात तेव्हा साध्या पाण्यात जाड वाळू कुठे जाऊन बसते, हा प्रश्न आता नुसता पुस्तकी वाटत नाही.

११ ऑगस्ट

सिम्युलेशन सुरू. एकेक कण मोजायचा म्हटलं तर या टेकडीत किती आहेत? ०.३ मिलिमीटरचा गोळा, टेकडीत ६० टक्के वाळू धरली, उत्तर जवळपास ९ कोटी. एका किलोतच २ कोटी ७० लाख होतात. कुंडाल आणि स्ट्रॅक यांची १९७९ ची डीईएम पद्धत म्हणजे प्रत्येक कणाची प्रत्येक टक्कर, ती आमच्या लॅबच्या ३२ कोअरवर या जन्मात होणार नाही. म्हणून ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमधला एमपी-पिक सॉल्व्हर घेतला, त्यात बरेच कण मिळून एक पार्सल आणि टकरींच्या ऐवजी एक सरासरी स्ट्रेस. टेकडीचा उतार कसा येईल याबद्दल मला शंका आहे पण उंची तरी यावी.

पहिला रन टू-डी. समोरची मागची भिंत ‘एम्प्टी’ ठेवली, कारण ट्युटोरियलमध्ये तसंच होतं. प्रेशर ड्रॉप जवळजवळ शून्य! दोन दिवस पंपाची बाउंडरी कंडिशन तपासत बसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की बाबा रे, एम्प्टी म्हणजे त्या भिंतीच नाहीयेत, आणि ५ मिलिमीटरच्या फटीत सगळं घर्षण त्या दोन भिंतींचंच असतं. पाणी हवेत वाहिल्यासारखं वाहत होतं. आता जाडीत पाच सेल (गणितासाठी फटीचे पाडलेले छोटे चौकोन) घेतले. यापेक्षा बारीक करता येत नाही, सेल कणापेक्षा बऱ्यापैकी मोठा लागतो नाहीतर सॉल्व्हर वेडंवाकडं करतो.

२२ ऑगस्ट

भिंती आल्या, प्रेशर ड्रॉप २.६. गणिताशी तंतोतंत. टेकडी १६.५ सेंटिमीटर.

प्रयोगात १९. तीनदा केला प्रयोग, १८.८, १९, १९.३.

अडीच सेंटिमीटर कुठे गेले?

२ सप्टेंबर

दहा दिवस यातच. एकेक करून तपासलं. गर्दीचा परिणाम, म्हणजे आजूबाजूला कण असले की प्रत्येकजण हळू पडतो, रिचर्डसन आणि झाकी यांचा १९५४ चा फॉर्म्युला. आमच्या रेनॉल्ड्स नंबरला घातांक साधारण ३.४ येतो, १० टक्के वाळूला वेग ७० टक्क्यांवर, २० टक्क्यांना निम्म्याच्याही खाली. कोडमधला ड्रॅग हे धरतोच, तरी हाताने पडताळलं, बरोबर. भिंतीचा परिणाम, फाक्सेनची दुरुस्ती, कण फटीच्या ६ टक्के जाडीचा आहे तर साधारण तेवढाच फरक आणि तोही वेग कमी करणारा. वाळूच्या कडा टोकदार, त्यानेही ड्रॅग वाढतो म्हणजे कण अजून हळू पडणार.

मेख इथेच आहे, सगळ्या दुरुस्त्या कणाला हळू पाडतात, हळू पडला की पाणी त्याला जास्त नेतं आणि टेकडी अजून बुटकी होते. मला उंच पाहिजे. जे जे म्हणून सुचतंय ते सगळं उलट्या दिशेला खेचतंय.

४ सप्टेंबर

हे लिहायची लाज वाटते पण लिहितो. ड्रॅगला ०.८ ने गुणलं. टेकडी १८.९. ग्राफ इतका सुंदर आला की लगेच पीपीटीत टाकला.

५ सप्टेंबर

सरांनी स्लाइड बघितली, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, हा ०.८ कुठून आला? मी म्हटलं सर कॅलिब्रेशन. सर म्हणाले, “टोकदार कणाला ड्रॅग गोळ्यापेक्षा जास्त हवा ना? मग तुझा कमी कसा? उत्तर जुळलंय म्हणून कारण खरं असं नसतं रे.” एवढंच. चिडले असते तर बरं वाटलं असतं. जाताना म्हणाले गणपतीनंतर भेटू, तोपर्यंत कोडला हात लावू नकोस, रिगकडे बघ.

१० सप्टेंबर

गणपतीत घरी. रिगकडे बघ म्हणाले तर रिग पुण्यात आणि मी गावाला. भाजीला गवार होती, त्यावरून आठवलं म्हणून लिहून ठेवतो. हीच गवार, तिच्या बियांचं पीठ म्हणजे गवार गम, अमेरिकेतले फ्रॅकवाले वाळू तरंगत ठेवायला पाण्यात घालायचे ते हेच, आणि जगातली बहुतेक गवार आपल्याकडे होते, त्यात राजस्थान पुढे. २०१२ मध्ये तिकडून मागणी इतकी वाढली की भाव आभाळाला भिडले आणि मार्चमध्ये सरकारने वायदे बाजारातले गवारीचे सौदे थांबवले. बाबांना सांगितलं तर म्हणाले मग आपण का नाही लावली.

पाण्यापेक्षा वीसपट घट्ट द्रावण धरलं तर आमचा ०.३ चा कण सेकंदाला ४ मिलिमीटरने पडतो आणि इथे रेनॉल्ड्स इतका लहान की स्टोक्स मुकाट बरोबर ठरतो. मात्र गवारीचं द्रावण ढवळलं की पातळ होतं, म्हणजे ‘वीसपट’ हे वेगावर अवलंबून, फटीच्या मध्यभागी वेगळं आणि भिंतीजवळ वेगळं. सुट्टीआधी लॅबमध्ये थोडं करून बघितलं होतं, भसकन टाकलं तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या, भोवऱ्यात चिमूट चिमूट सोडावं लागतं. तो पुढच्या सेमचा विषय, आत्ता नको.

१९ सप्टेंबर

सापडलं, आणि मी नाही शोधलं.

सकाळी पंप चालू केला, नुसतं पाणी. मामा टाकी भरत होते, फटीच्या टोकाला उभे होते, म्हणजे लांबीच्या दिशेने नजर, जिथून मी कधी बघितलंच नाही कारण टेकडी समोरून दिसते. म्हणाले, “अहो, तुमच्या काचेचं पोट सुटलंय.” मी हसलो. मग त्यांच्या शेजारी जाऊन एक डोळा मिटून बघितलं. खरंच सुटलंय, दोन्ही बाजूंनी, मधोमध.

वर्कशॉपमधून डायल गेज (बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं माप) आणला, मॅग्नेटचा स्टँड लोखंडी टेबलाला चिकटवला, टोक शीटच्या मध्यावर टेकवलं आणि पंप बंद असताना, फट रिकामी असताना शून्य केलं. पंप चालू, पाणी भरायला लागलं तसा काटा हळूहळू चालायला लागला, ०.२, ०.४, आणि बाहेरच्या पाइपमधून धार सुरू झाली तेव्हा ०.६ वर थांबला. पलीकडच्या शीटला ०.७. म्हणजे ५ मिलिमीटरची फट मध्यभागी ६.३ मिलिमीटर.

बाहेरचा पाइप ४० सेंटिमीटर वर नेलाय ना, बुडबुड्यांसाठी, तर सगळ्या फटीत तेवढ्या पाण्याचं प्रेशर कायम उभं. ८ मिलिमीटरचं ॲक्रिलिक ३० सेंटिमीटरच्या गाळ्यावर त्याला काय पुरतंय. नंतर प्लेटच्या फॉर्म्युल्याने केलं तर उत्तर याच घरातलं आलं, म्हणजे जुलैमध्ये दहा मिनिटं घालवली असती तर आधीच कळलं असतं.

आणि सगळ्यात वाईट, २७ जुलैची माझीच नोंद. १.७ सेंटिमीटर. “नळीत बुडबुडा असेल.” प्रेशर ड्रॉप फटीच्या रुंदीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. २.६ भागिले १.७, घनमूळ, गुणिले ५, उत्तर ५.७६ मिलिमीटर. कडेला ५ आणि मध्ये ६.३ असलेल्या फटीची सरासरी तेवढीच निघते. मॅनोमीटर पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता. रेनॉल्ड्स तेव्हा २२०० होता, काठावरचा, पण प्रवाह टर्ब्युलंट झाला असता तर ड्रॉप जास्त यायला हवा होता, कमी नाही, एवढा विचार केला असता तरी पुरे होतं.

टेकडीचंही आपोआप सुटतं. टेकडी थांबते कधी, तर वरचं पाणी एका ठरावीक वेगाला पोचलं की. फट रुंद तर तोच वेग यायला वरची जागा कमी लागते, टेकडी तेवढी उंच. १६.५ च्या टेकडीवर साडेतेरा सेंटिमीटर मोकळे होते, ते ५.७६ च्या रुंदीला हिशोब केला तर पावणेबाराच्या जवळ येतात. अडीचातले जवळपास दोन सेंटिमीटर इथेच मिळाले.

२८ सप्टेंबर

दोन कामं समांतर. मामांनी एमएस अँगलचे (लोखंडी एल आकाराच्या पट्ट्यांचे) तुकडे कापून दिले, दर ३० सेंटिमीटरवर एक उभी जोडी आणि सी क्लॅम्प, रिग आता फ्रॅक्चर झालेल्या पायासारखी दिसते. मध्यातली रुंदी ५.२, प्रेशर ड्रॉप २.४, टेकडी १७.१. अँगलच्या मागे काय चाललंय ते व्हिडिओत दिसत नाही ही एक कटकट आहे.

दुसरं, सिम्युलेशनमध्ये पोट सुटलेली फट बनवली. सेलची जाळी वाकवायला दोन दिवस, रन चार दिवस, मध्ये एकदा रात्री लाइट गेली आणि ऑटोसेव्ह दर ५०० स्टेपला ठेवलं होतं म्हणून वाचलो. ड्रॅगचा गुणक १, म्हणजे गुणकच नाही. टेकडी १८.४. प्रयोग १९. उरलेल्या ०.६ ला मी आत्ता हात लावणार नाही, आमच्या पार्सलवाल्या पद्धतीत टेकडीचा उतारही प्रयोगापेक्षा सपाट येतोय, दोन्हीचं मूळ एकच असावं असं वाटतं.

३ ऑक्टोबर

सरांना दोन्ही दाखवलं. ०.८ वाली फाइल त्यांच्यासमोरच डिलीट केली, ते म्हणाले कशाला, ठेव, रिपोर्टमध्ये टाक. मला वाटलं आता म्हणतील अँगल लावलेलाच डेटा घ्या, पोटवाला फेकून द्या. त्यांनी उलट फळ्यावर एक लंबगोल काढला. खऱ्या भेगेचा उभा छेद असाच असतो ना, म्हणाले, प्रेशरने दगडही फुगतो. पर्किन्स-कर्न यांचं १९६१ चं मॉडेल, ज्यात नॉर्डग्रेनने १९७२ मध्ये भर घातली, त्यात भेग उभ्या लंबगोलाची, वर-खाली चिमटलेली आणि मध्ये रुंद. समांतर भिंतींची फट ही आमच्यासारख्या लॅबवाल्यांची सोय. मध्ये रुंद म्हणजे पाणी मध्येच जास्त पळणार, आणि तळाला चिमटलेल्या भागात वाळू कशी भरते, अडकते की नाही, हे आमच्या चुकलेल्या रिगवर दिसू शकतं, फक्त आता पोट किती आहे ते मोजलेलं पाहिजे.

मी म्हटलं सर पण आत्ताच तर सगळे अँगल लावलेत. सर म्हणाले मग काढ.

उद्या मामांना सांगायचंय. डायल गेज एक पुरणार नाही, शीटच्या उंचीवर तीन ठिकाणी लागतील, वर्कशॉपमध्ये दोनच आहेत. बाहेरच्या पाइपला पुली बांधून उंची बदलता आली तर पोट पाहिजे तेवढं सोडता येईल, २० सेंटिमीटर, ४०, ६०. गळतीखालची बादली मोठी आणावी लागेल.